मी मागितलं नाही

बाटलीच्या झाकणात ती पांढरी कॅप्सूल पडून होती, तिच्यावर मुंगीएवढी लाल अक्षरं. दवाखान्यात रक्त काढून होईपर्यंत गिळायची नाही, आणि तोवर कालोलाइनच्या मनाला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून नऊ वर्षं चाललेला हिशेब तिनं पुन्हा मांडला — भावाला, पेनिसिमानीला, त्यात मिळण्यासारखं काय होतं? कुशीत वीतभर व्रण. विमानतळावर बॅगा उचलणाऱ्या माणसाला सहा आठवडे बादलीसुद्धा उचलायची बंदी. आणि चर्चमध्ये लोक आपण होऊन वाट देतात, ज्याचा त्याला मनापासून कंटाळा... थोडक्यात, काहीच नाही. तरी भावानं किडनी दिली. न मागता दिली.

त्या ‘न मागता’वर तर तिच्या आठवणींचं सगळं पुस्तक उभं होतं. पान एकशे बारा, अगदी वर, एकटंच वाक्य : मी मागितलं नाही. गोऱ्या संपादकबाईंनी समासात ‘किती सोसलंत!’ असं लिहिलं होतं. सोसण्याचा काय संबंध? आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांत बहीण भावाच्या वर. तिनं तोंड उघडलं की भावाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे ते मागणं नव्हेच, काढून घेणं. म्हणून चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, ती डायलिसिसच्या यंत्राला हात बांधून बसली, आणि पेनी दारात दिसला की दंडावरची फुगलेली शीर झाकायला भर उन्हाळ्यात बाह्या खाली ओढल्या. भावाबहिणीत शरीराचा विषय निघत नाही. ‘तब्येत?’ ‘बरी.’ संपलं. तसं राहायला ताठ कणा लागतो, आणि तो माझा होता, कुणी दिलेला नव्हता!

“आई, ते एकशे बारा पान,” गाडी चालवता चालवता ओफा म्हणाली. मुद्रितं मुलीनंच तपासली होती. पाचच्या आत छापखान्याला परत करायची होती.

“का? व्याकरण चुकलं?”

“व्याकरण छान आहे. वाक्य काढ.”

“ते वाक्य काढलं तर राहिलं काय? माझ्या लघवीचे रिपोर्ट?”

ओफा हसली नाही. मांगेरेच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. “तू नाही मागितलंस. मी मागितली.”

...ओफा एकोणीस वर्षांची होती तेव्हा. मामाच्या घरी गेली, मामाच्या खुर्चीत बसली, मामाच्या ताटातला सुरण उचलून खाल्ला — भाचीचा हक्कच तो, फाहू. मामाचं जे आवडेल ते तिचं. मग म्हणाली, “मामा, तुझ्याकडे दोन आहेत. मला एक दे.”

“त्यानं व्हॅनची किल्ली पुढे केली. दारात दोन उभ्या होत्या ना! ‘निळी ने,’ म्हणाला, ‘पांढरीचे ब्रेक लागत नाहीत.’”

“मग?”

“मग मी सांगितलं. किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, ‘जेवून जा.’ दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन. मला एवढंच बजावलं — ‘आईला कळू देऊ नको. मागत नाही म्हणून केवढा रुबाब आहे तिचा, तो राहू दे.’”

पुढची गाडी हलली. पेनीला माहीत होतं. इतकी वर्षं तो ‘तब्येत?’ विचारत होता, आणि ती मान उंच करून...

“आता पुस्तक आलं की सगळ्या चर्चसमोर तो हे वाचणार आणि परत गप्प बसणार,” ओफा म्हणाली. “किती वेळा बसवायचं त्याला गप्प?”

“लोसाच्या लग्नात तू म्हणूनच —”

“म्हणूनच.”

मामाच्या मुलीचं लग्न. भाची म्हणून सगळ्यांत वरची जागा ओफाची, सगळ्यांत भारी चटई ओफाची. आणि तीनशे माणसांदेखत ही बया स्वयंपाकघरात अळूच्या पानांतलं लू वाढत होती. काय काय बोलले मी तिला! गोऱ्यांत शिकलीस, आता मान घ्यायची लाज वाटते...

“एकदा तेवढं घेतल्यावर,” ओफा म्हणाली, “आणखी काय घेणार गं मामाकडून?”

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. कालोलाइननं पान मांडीवर घेतलं, पेन्सिल ‘मी’वर टेकवली, उचलली, ‘नाही’वर टेकवली. लाज वाटेल अशी वाट पाहिली. लाज आली नाही. आला तो अभिमानच, पण ओळखीचा नव्हे. मागायलाही ताठ मान लागते, हे एकोणीस वर्षांच्या पोरीला कळलं होतं, आणि मला... मला कुठे... पेनीनं दोनांतली एक दिली. ओफानं मामाच्या घरातली आपली जागा दिली, सगळी, जन्माची. आणि माझी मान उंच राहिली, नऊ वर्षं, त्या दोघांच्या जिवावर.