प्रभाबाईंचा डावा पाय

प्रभाबाई जन्मल्या त्या पाय पुढे करून, आणि पुढची अठ्ठावन्न वर्षं लोकांनी त्यांना ते विसरू दिलं नाही. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. पहाडगंजच्या मराठी शाळेत बाईंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पण दिल्लीतल्या मराठी घरांत त्यांचं नाव निघायचं ते डाव्या पायासाठी. एरवी मास्तरणीला हिंग लावून न विचारणारे अंडर सेक्रेटरीसुद्धा त्यांच्यापुढे सतरंजीवर निमूट पालथे पडायचे. बाईंचा स्वतःचा यावर कितपत विश्वास होता? खरं सांगायचं तर त्यांनी तो कधी तपासूनच पाहिला नव्हता. मान मिळत होता, चहा मिळत होता, माणसं उठून चालायला लागत होती. मग खोलात कोण जातो!

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी धीरजचा फोन आला. धीरज त्यांचा जुना विद्यार्थी. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढला आणि आता मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता.

"बाई, गिरिजाची कमर एकदम जाम झालीय. आई म्हणते ते झालंय... काय बरं तो शब्द..."

"उसण भरलीय."

"हां, तेच. मी गाडी घेऊन येतो. प्लीज, नाही म्हणू नका."

गुडगावातला त्याचा नवा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. आजूबाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यापलीकडे नुसतं माळरान. लिफ्ट होती, वीज नव्हती. बाई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा गिरिजा पलंगाची कड घट्ट धरून उभी होती. सातवा संपत आला होता. याआधी दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा दवाखान्यात गेलेली पोर रिकाम्या हातांनी परतली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वीच बजावलं होतं, या दिवसांत पाठ दुखतेच, कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी ठेवा. उशा ठेवून झाल्या होत्या. आता मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, काहीही करा," ती म्हणाली. "पाठ तुटतेय माझी. पण दवाखान्यात नका पाठवू."

बाईंनी तिला पाटावर बसवलं, स्वतः पलंगावर बसल्या आणि डाव्या पायाची टाच तिच्या कमरेला तीनदा हलकेच टेकवली. मिनिटभरात गिरिजाचे आवळलेले खांदे सैल पडले.

"गेलं!" ती चक्क हसली. "बाई, गेलं हो!"

तिच्या सासूबाईंनी, हेमलताबाईंनी, तिथल्या तिथे बाईंच्या पायाला हळदकुंकू लावलं. चहा आला. चहा संपतो न संपतो तोच दुखणं पुन्हा आलं. बाईंनी पाय लावला, ते गेलं. परत आलं, परत गेलं. चार वेळा असं झालं, आणि दर वेळी बाईंचा भाव वाढत गेला. "मुरलेली आहे, हप्त्याहप्त्यानेच निघायची," हेमलताबाईंनी निदान करून टाकलं. बाईंनाही ते पटलं. खोटं कशाला बोला, मनातून त्या सुखावल्या होत्या.

धीरजने संध्याकाळची एक अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. दक्षिण दिल्लीत नुकताच एक कायरोप्रॅक्टर आला होता. तो अमेरिकेत शिकलेला, नुसत्या हातांनी मणके जागेवर बसवणारा. गरोदर बायकांना पालथं झोपता यावं म्हणून त्याच्याकडे मध्ये खळगा असलेलं टेबल आहे, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. आता त्याची गरज उरली नव्हती. धीरज फोन करून अपॉइंटमेंट रद्द करायला गेला आणि हसत परत आला.

"काय घाबरट माणूस आहे यार! विचारतो, दुखणं सतत आहे की येतं-जातं. मी म्हटलं, येतं, आणि आमच्या बाई पाय लावतात की जातं. तर म्हणे, मी यांना हात लावणार नाही. सरळ हॉस्पिटलला न्या."

बाईंनी कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकतीस वर्षं तासांची घंटा ऐकलेली बाई ती, तिला वेळा आठवाव्या लागत नसत. अकरा वीस. अकरा पस्तीस. अकरा अठ्ठेचाळीस. बारा वाजायला दोन मिनिटं. उसण काही घड्याळ बघून येत नाही. तासभर आपण या पोरीच्या कळांचं श्रेय घेत बसलो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हेमलताबाई, या कळा आहेत. धीरज, गाडी काढ."

"सातव्यात कसल्या कळा?" हेमलताबाई उसळल्या. "आणि कळा कुठे पाय लावून थांबतात? तुमच्या पायाने थांबतंय ना? दोनदा नेली मी हिला दवाखान्यात, दोनदा रिकामी आणली. या वेळी नाही नेऊ द्यायची!"

"माझ्या पायात काही नाही." हे वाक्य बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

कुणाला ते खरं वाटलं नाही. धीरज कधी आईकडे, कधी बाईंकडे पाहत राहिला. तेवढ्यात गिरिजाने ओठ दाताखाली धरला आणि पाट ओढून ती बाईंपुढे बसली. "बाई, आलं... लावा ना पाय."

बाईंनी दोन्ही पाय पलंगावर वर घेतले आणि घट्ट मांडी घातली. "नाही लावणार."

"बाई!"

"नाही."

गिरिजाने त्यांच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि ती ओरडली. हेमलताबाई नको नको ते बोलल्या. "एवढं काय मागतेय ती? कसाई आहात का तुम्ही?" धीरज रडकुंडीला आला होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर घड्याळावरून हलली नाही. तीस सेकंद. चाळीस. पोरीच्या मुठीत काठ टरकन फाटला. पन्नास. मिनिट झालं, आणि गिरिजाची बोटं आपोआप सैल पडली.

गिरिजाने बाईंच्या मांडीकडे पाहिलं.

"गेलं," ती म्हणाली. मघाचाच शब्द, पण आता त्यात प्राण नव्हता.

मग हेमलताबाईच सर्वांत आधी उठल्या आणि त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. धीरजने आणि खालच्या चौकीदाराने त्या खुर्चीतून तिला चार मजले उतरवलं. हायवेवर ट्रकांची ही रांग. धीरज हॉर्न दाबून धरत होता आणि कुणी बाजूला होत नव्हतं. मागच्या सीटवर गिरिजा कुशीवर पडली होती. कळा आता दर पाच मिनिटांनी येत होत्या.

"बाई, पाय लावा."

"अगं, पाहिलंस ना मघाशी..."

"पाहिलं. तरी लावा."

बाईंनी दाराला पाठ टेकवली आणि टाच तिच्या कमरेला दाबून धरली. हॉस्पिटल येईपर्यंत ती काढली नाही.

गिरिजाला थेट आत नेलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला हेमलताबाई, दुसऱ्या टोकाला बाई. दोघींमध्ये चार माणसांची जागा रिकामी होती. चारच्या सुमारास नर्स बाहेर आली.

"बच्ची है. वज़न बहुत कम है, शीशे में रखा है. माँ ठीक है." मग ती जाता जाता थांबली. "पैर पहले आए. बड़ी मुश्किल से निकली."

पोर वाचेल का, असं धीरजने डॉक्टरांना विचारलं. तीन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

हेमलताबाई सरकत सरकत बाईंजवळ आल्या. रडून सुजलेल्या त्या चेहऱ्यावरही एक आशा चमकली. "प्रभाताई, पायाळू! अगदी तुमच्यासारखी."

बाईंनी आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. हळदकुंकू अजून तसंच होतं. त्यांनी तो पाय फाटक्या काठाखाली झाकून घेतला.

"आधी जगू दे तिला," त्या म्हणाल्या. "आणि जगली, तर हे तिला कधीही सांगू नका."