राणीच्या हाती नसलेलं

बोटांत सरकी होती, ओलसर, कापसाचे धागे चिकटलेली... आणि सीतादही तर अजून व्हायचं होतं! शेताच्या कोपऱ्यांना देवीच्या नावानं दहीभात शिंपडल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही, हे कौशल्या सासरी आल्यापासून पाळत आली होती. पण यंदा विलायतेला इथलाच कापूस हवा, अकोटच्या वाटेवर गाड्यांची रीघ, घरात सगळ्यांचीच घाई—हात आपसूक गेला. आता काही होईल म्हणून ती उभी राहिली. काहीच झालं नाही. शेजारची बोंडं आपली उमललेलीच, ऐटीत. म्हणजे ती देवीसाठी उमलत नव्हती? की देवीनंच एकदा नेम घालून दिला आणि आता तो तिलाही मोडता येत नाही?

बांधावर तिची लेक जमुना दहीभात कालवत होती. परवा ती मोर्शीला सासरी निघणार. कौशल्यानं तिच्यासाठी लहानपणापासून गोष्टीत रचलेलं एका राणीचं राज्य होतं. तिथे सुटलेली वस्तू खाली पडत नाही, वर जाते. माणसं कमरेला दोर बांधून हिंडतात, भाकर उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवतात.

"माय, भाकरीवर गोटा कावून ठेवतात वं? तोबी तं वर जाईन!"

इतक्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं. "रानीनं गोट्याले सूट देली," कौशल्या घाईनं म्हणाली.

"रानीच्या हाती नाई ते. तिचा सोताचा पदर वर उडते!"

कौशल्या चमकली. खरंच की! मी केलेलं राज्य, माझ्या तोंडून निघालेलं, आणि माझंच ऐकत नाही... तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं, आनंद मावेना.

"मी गेल्यावर ते राज्य राहीन का वं?" जमुना खाली मान घालून म्हणाली.

माझ्यावाचून नाही राहणार—एवढंच म्हणायचं होतं. मग पोर गोष्टीच्या ओढीनं तरी माहेरी येत राहील. शब्द अगदी ओठांवर आले. पण ते खोटं होतं, आणि आता ते दोघींनाही कळलं असतं.

"मंग कशी ठेवतात वं भाकर?" कौशल्यानंच तिला विचारलं.

जमुना थांबली. हात दहीभातात तसाच, नजर कुठेतरी लांब. कौशल्या तिच्याजवळ सरकली—आजवर सगळं तीच सांगत आली होती, आणि आता काय उत्तर येणार, ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.