वेगळे धुवायचे कपडे

ताई आल्या त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघा, मला एचआयव्ही आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं."

त्यांच्या भावाने मान हलवली. भावजयीनेही हलवली, पण मांडीवरच्या ढब्बूला जरा जवळ ओढलं.

ताई ढब्बूला सांभाळायलाच आल्या होत्या. सोमवारी ढब्बूची आई लाँड्रीत कामावर परत जाणार होती, आणि आता तिच्या डोक्यात भुंगा शिरला होता. ढब्बू दिसेल ते तोंडात घालायचा. ताईंची बोटं, ताईंच्या पदराचं टोक, ताईंचा चमचा.

ढब्बूला लस द्यायला नेलं तेव्हा तिने नर्सला हळूच विचारलं, "माझ्या एका मैत्रिणीच्या घरी ना..."

नर्सने वर न बघताच सांगितलं, "मैत्रिणीला म्हणावं, एका ताटात जेवून होत नाही, पापा घेऊन होत नाही, संडास एक असला तरी होत नाही. डास चावूनही नाही. त्या बाईंनी गोळ्या चुकवू नयेत, आणि मैत्रिणीने थोडी झोप घ्यावी."

तिला हसू आलं. हायसंही वाटलं, पण ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच टिकलं. घरी पोचून ती पाय धुऊन येते तर ढब्बू ताईंच्या गालाला तोंड लावून बसलेला, दोघांच्या हनुवट्या लाळेने चिकट. "बघ, तुझा लेक माझा गाल खातोय," ताई खुशीत म्हणाल्या. तिने "दूध प्यायचं ना?" म्हणत त्याला उचललं, आत नेलं, आणि ओल्या फडक्याने त्याचं तोंड इतकं पुसलं की तो कळवळून रडला. त्याचं दातांचं रबरी खेळणं तिने उकळायला टाकलं. विसरली. ते वितळून पातेल्याच्या बुडाला चिकटलं.

नर्सचं बोलणं तिला पाठ होतं. पण हात ऐकत नव्हते.

रविवारी दुपारी ढब्बू झोपला तसे हात पुन्हा शिवशिवले. तिने सुईत लाल दोरा ओवला. ताईंच्या टॉवेलच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, बारीक टाका. मग उशीच्या अभ्र्याला. मग चादरीला. लाँड्रीत रंग जाणाऱ्या कपड्यांना घालतात तसा. वेगळं धुवायचं, बाकीच्यांत मिसळायचं नाही. कोणाच्या लक्षात येणार आहे?

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला ताई गेल्या. बराच वेळ आत आल्या नाहीत. आल्या तेव्हा टॉवेलचा कोपरा उलटा धरलेला होता.

"टाका छान घातलायस. मीच शिकवलेला ना?"

लाँड्रीत तिला पहिल्या दिवशी टेबलाशी उभं करून काम दाखवणाऱ्या ताईच होत्या. पुढे भावासाठी तिला मागणी घालणाऱ्याही त्याच. हे ती कशी विसरली?

"ताई, ते..."

"माझा रंग जातो होय गं?" ताई हसल्या. हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी टॉवेलची घडी घातली, पिशवी ओढली आणि कपडे भरायला लागल्या. "सकाळच्या गाडीने जाते. तू सोमवारचं काहीतरी बघ. राग नाही हं. पण सारखं कोणी माझ्या हातांकडे बघत असलं की मला घास गिळवत नाही."

तिला जा म्हणवत नव्हतं, राहा म्हणवत नव्हतं.

तेवढ्यात ढब्बू जागा झाला. रांगत रांगत सरळ पिशवीशी आला, ताईंचा गुडघा धरून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच दोन्ही हात सोडले. पाय लटपटायला लागले. ताईंचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. त्यांनी ते वर धरले, काही चोरलं नाही हे दाखवावं तसे. भावजयीकडे बघून म्हणाल्या, "धरू का?"

ढब्बू मागे कलला.

"विचारता काय, धरा ना!" ती ओरडलीच.

ताईंनी त्याला झेललं. घाबरून त्याने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि ओल्या तोंडाने तिथेच रडू लागला. ती दोन पावलं पुढे गेली, फडकं उचललं आणि तसंच मुठीत धरून खाली बसली.

"ताई, मला सगळं कळतं. तरी भीती वाटते."

"मलाही वाटायची. पहिलं वर्षभर मी माझाच कप वेगळा ठेवत होते. माझ्याच घरात, एकटी राहत असताना."

"मग?"

"मग तो फुटला. दुसरा आणायचा कंटाळा आला."

तिला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. ताईंनी पदराने ढब्बूचं नाक पुसलं.

"उद्या कामाला किती वाजता निघतेस?"

"आठला."

"म्हणजे हा झोपेत असताना. उठल्यावर तू दिसली नाहीस की घर डोक्यावर घेईल."

"घेईल," ती म्हणाली. फडकं अजून मुठीतच होतं. "कडेवर घेऊन फिरावं लागतं, तोंड खांद्यावर ठेवून. तुम्ही घ्याल ना?"

"तू सांगतेस म्हणून?"

"हो. मी सांगते म्हणून."