पाठमोरा शॉट

आमच्या ह्यांचा आवाज लोकांना माहीत आहे, हे माहीत नाहीत. दुकानात ह्यांनी "सहा बटणं द्या" म्हटलं की दुकानदार मान वर करतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "तुम्हाला कुठंतरी ऐकलंय." ऐकलेलं असतंच. अवाढव्य प्राण्यांचे जे जपानी सिनेमे आपल्या भाषेत येतात, त्यांतल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा आवाज गेली कित्येक वर्षं ह्यांचा आहे. डबिंगवाले ह्यांना प्रोफेसर म्हणतात. शाळेत शास्त्रात काठावर पास झालेला माणूस, पण "किरणोत्सर्ग" हा शब्द असा उच्चारतो की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं.

हा शास्त्रज्ञ प्रत्येक सिनेमात असतो. बाहेर डोंगराएवढा प्राणी शहर तुडवत चाललेला असतो, आणि हा खिडकीकडे पाठ करून, नकाशावर काठी टेकवून सांगतो, "मला भीती वाटते, तो इकडेच येतोय." काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग लष्कर तोफा डागतं, तोफांचा काही उपयोग होत नाही, म्हणून आणखी तोफा डागतं. इमारती पुठ्ठ्याच्या, गाड्या खेळण्यातल्या. पळणाऱ्या गर्दीतली निळ्या कोटातली एक बाई तर मी तीन वेगवेगळ्या सिनेमांत त्याच रस्त्यावरून पळताना पाहिली आहे. बिचारी अजून पोचलेली नाही.

मी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. कोटांची अस्तरं, उसवलेल्या शिलाया, बिघडलेल्या चेनी. त्यामुळे प्राणी पडद्यावर आला की माझी नजर थेट त्याच्या पाठीवर जायची. रबराचा पोशाखच तो, काट्यांच्या रांगेखाली चेन असते. नीट बघितलं तर दिसते.

"चेन दिसतेय," मी म्हणायची.

"तू सिनेमा बघ, शिलाई बघू नकोस," हे म्हणायचे.

हे आमचं लग्नापासूनचं संभाषण. एकदाच मी विचारलं होतं, की असल्या सिनेमात लोकांना काय दिसतं हो? हे म्हणाले, "घरं पुठ्ठ्याची असतात, म्हणून मोडताना बघवतं."

घरी ह्यांच्या तोंडाला कुलूप. भांडणातसुद्धा माझ्या दहा वाक्यांना ह्यांचं एक. "लिहिलेलं असलं की मला बोलता येतं," म्हणायचे. धंद्यातल्या गोष्टी मात्र हौसेने सांगायचे. सगळ्यात आवडता विषय म्हणजे पाठमोरा शॉट. पडद्यावरचा माणूस पाठमोरा असला की त्याचे ओठ दिसत नाहीत. मग तिथे वाटेल ते बोलता येतं. मूळ सिनेमात तो नुसता समुद्राकडे बघत उभा असला, तरी आपल्या भाषेत त्याच्याकडून अर्धं भाषण वदवून घेता येतं. "फुकटची जागा असते ती," हे सांगायचे, "आणि मी एकही सोडलेली नाही." ते खरंच होतं. ह्यांचा शास्त्रज्ञ मूळच्या शास्त्रज्ञापेक्षा दुप्पट बोलतो.

मग आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं काम जास्त झालं. काढे झाले, वाफा झाल्या, औषधं झाली, आणि शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. घशात कॅन्सरची गाठ होती आणि ती पुढे सरकली होती. स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणाले. काढलं तर जगण्याची आशा चांगली आहे, नाही काढलं तर नाही. नंतर यंत्राने थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज वेगळा असेल. "गुरुवार तुमच्यासाठी ठेवतो," डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

रस्त्यात हे म्हणाले, "नाही करायचं."

"अहो, जीव जाईल."

"जाऊ दे. आवाज गेल्यावर उरणार काय आहे? तूच सांग."

मला ह्यांचा इतका राग आला की फुटपाथवर ह्यांना तिथंच सोडून पुढे चालत गेले, आणि मग वळणावर थांबून राहिले. हे दम लागत लागत आले. आम्ही घरी पोचलो.

मुलगी संध्याकाळीच धावत आली. तिने आधी रडून घेतलं, मग बापावर ओरडली, मग बापाच्या पाया पडली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मोबाइल काढला आणि म्हणाली, "बाबा, ऑपरेशन कर नाहीतर करू नकोस, पण तुझा आवाज मला दे. काहीतरी बोल. माझ्यासाठी."

"काय बोलू?"

"काहीही. मनातलं."

हे मोबाइलकडे बघत बसले. ओठ हलले, थांबले. "लिहून दे," म्हणाले. "वाचतो."

तिने पेन घेतलं आणि पाकिटाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. ह्यांनी चष्मा लावला, पाणी प्यायले, ताठ बसले. बसलेल्या आवाजातूनसुद्धा तो जुना खर्ज वर आला. "बाळ, काळजी करू नकोस. मी कुठेही असलो तरी तुझ्याजवळ आहे." कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं बिनचूक. मुलीने एकदा ऐकलं आणि ते पुसून टाकलं.

"का गं?" ह्यांनी विचारलं.

"शास्त्रज्ञ बोलला, बाबा. तू नाही."

ती माझ्या दुकानात शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे तयार होऊन उभे. एका सिनेमाचं शेवटचं रीळ राहिलं होतं. "डॉक्टरांना काय सांगायचं ते आल्यावर सांगू," म्हणाले. एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही निघाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी स्टुडिओत कधी पाय ठेवला नव्हता.

तळघरातली खोली, भिंतींना करडा फोम, मधे मोठी काच. काचेच्या एका बाजूला माइक, पडदा आणि हे. दुसऱ्या बाजूला यंत्रं, रेकॉर्डिस्ट आणि मी. रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणतात. शेजारच्या खोलीत कुणी उसासा टाकला तरी त्याला ऐकू जातो. त्याने मला खुर्ची दिली आणि हळूच म्हणाला, "वहिनी, चार पानांचं भाषण आहे. जमलं नाही तर सांभाळून घेऊ."

शेवटचा प्रसंग असा होता: प्राणी घायाळ झालाय, शहर संपलंय, आणि तो समुद्रात परत चाललाय. किनाऱ्यावर शास्त्रज्ञ उभा, कॅमेऱ्याकडे पाठ. आधी हे नुसतं बघून घेणार होते, म्हणून कानसेनने सगळे आवाज बंद करून फक्त लाटांचा ठेवला.

मी सवयीने पाठ शोधली. चेन होती. काट्यांच्या तिसऱ्या रांगेखाली, थोडी वाकडी बसवलेली. मग माझं लक्ष खांद्याकडे गेलं. बाही खांद्यात आवळून कापली की माणूस हात उचलत नाही, आधी खांदा उचलतो. तो तसंच करत होता. रबर गुडघ्यात दुमडत होतं, एकेक पाऊल ओढून टाकावं लागत होतं. आत कुणीतरी होतं. त्याला बाहेरचं धड दिसत नसणार, श्वास पुरत नसणार, चेहरा तर नव्हताच. पाणी कमरेपर्यंत आल्यावर तो थांबला. मान वळत नव्हती, म्हणून त्याने डावा खांदा उचलला, सगळं अंग थोडंसं फिरवलं आणि मोडलेल्या शहराकडे एकदा बघितलं. मग पुढे गेला.

मला हुंदका आला. कानसेनने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने टेबलावरचा रुमाल पुढे केला.

पडदा परत सुरू झाला आणि हे बोलायला लागले. "मित्रहो, हा प्राणी आपल्याच लोभाचं..." खोकला आला. परत. "हा प्राणी आपल्याच..." आवाज फाटला. परत. तिकडे तो दर वेळी समुद्रात जात होता, दर वेळी खांदा उचलत होता, आणि दर वेळी ह्यांची वाक्यं त्याच्यावर जाऊन आदळत होती. चौथ्या वेळी ह्यांनी माइकचा दांडा घट्ट धरला. तोंडातून नुसती हवा आली.

मी उठले, जड दार ढकललं आणि आत गेले.

"बाहेर जा," हे कुजबुजले. "काम चाललंय."

"बघा त्याच्याकडे," मी म्हटलं. "सबंध सिनेमात त्याला एक ओळ नाही. तुमच्या माणसाला चार पानं आहेत. मी आत्ता कुणासाठी रडले?"

"तू रडलीस?"

"मग काय, डोळ्यात दोरा गेला?"

हे पडद्याकडे वळले. कानसेनने चित्र थांबवलं होतं. खांदा उचललेला, मान अर्धी वळलेली.

"तो मरतो शेवटी," हे म्हणाले.

"कुठला मरतोय! पुढच्या सिनेमात परत येतो. नेहमी मी हसते त्यावर, की मेलेला परत आलाच कसा. येऊ दे की. तुमचा शास्त्रज्ञ दर वेळी नवा असतो, लोकांना हवा असतो तो हाच." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. "मला घरात भाषण नकोय हो. तुम्ही घरी बोललात कधी? आहात हे मला कळतं ते काय आवाजावरून? दार कसं लावता त्यावरून कळतं. चप्पल कशी काढता त्यावरून. मला तुम्ही हवे आहात. मुके तर मुके."

ह्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. मग हातातली चारही पानं नीट एकावर एक ठेवून स्टँडवर पालथी घातली.

"कानसेन," ह्यांनी माइकमध्ये म्हटलं, "शॉट पाठमोरा आहे ना?"

"हो सर. शेवटपर्यंत."

"मग इथे काही घालू नकोस. समुद्रच राहू दे."

घरी जाताना ह्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि डॉक्टरांना स्वतः फोन केला. "येतो," एवढंच म्हणाले.

गुरुवारी सकाळी ह्यांना इस्पितळाचा तो हिरवा झगा दिला. बाही खांद्यात आवळलेली, मागून उघडा, नाड्या दोन, त्यातली एक तुटलेली. कुणी शिवलाय कोण जाणे. मी पर्समधली सेफ्टीपिन काढून लावत होते. पाठीचा मधला भाग काही केल्या झाकत नव्हता. मुलगी खाली वाकून बॅगेत मोबाइल शोधत होती. बाबा आत जाताना काहीतरी बोलेल, अशी तिला अजून आशा होती.

"चेन दिसतेय," मी म्हटलं.

हे हसले. खरखरीत, अर्धवट, पण घरातलं हसू. "दिसू दे," म्हणाले.

कुणी लिहून दिलं नव्हतं. मुलीने मोबाइल वर काढला तेव्हा ते बोलून झालं होतं. नर्सने चाकांची खुर्ची आणली, ह्यांनी हातानेच नको म्हटलं आणि चालत निघाले. दारापर्यंत गेले, थांबले. डावा खांदा उचलला, सगळं अंग थोडंसं फिरवलं आणि आम्हा दोघींकडे एकदा बघितलं. मग पाठमोरे झाले. दार मिटेपर्यंत मुलगी मोबाइल धरून उभी होती. त्यात फक्त पावलं आली आहेत.

तो सबंध दिवस मी त्या दाराकडे बघत बसले. किती वाक्यं मनात आली, आणि मी एकही त्या पाठीवर लावलं नाही.

संध्याकाळी आत सोडलं. गळ्याला पट्ट्या, नळ्या, डोळे मिटलेले. शेजारी उशीवर पाटी आणि खडू ठेवले होते. मी खाटेपाशी उभी राहिले. थोड्या वेळाने पापण्या हलल्या. नर्सने पाटी पुढे केली. ह्यांनी पाटीकडे बघितलंही नाही.

चादरीखाली डावा खांदा हळूच वर आला.

"आलात ना परत," मी म्हटलं.