दर्शनी खोलीतलं दुकान

गावातलं शेवटचं दुकान बंद पडलं आणि सगळ्यांच्या नजरा शिंपीणबाईंच्या घराकडे वळल्या. घर भर चौकातलं, काही शतकं जुनं. काळपट तुळया-खांबांचा सांगाडा आणि मधे मातीच्या भिंती. गावाच्या सभेत सगळ्यात जास्त आग्रह धरला तो नर्सबाईंनी, त्यांच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीने.

"तू काढच गं दुकान. आम्ही काय परके आहोत? सगळं तुझ्याकडूनच घेऊ."

शिंपीणबाईंचा नवरा कुरकुरला. "आणि आपण राहायचं कुठे?"

"माळ्यावर. दोघंच तर आहोत."

शिंपीणबाईंनी शिलाई मशीन विकलं, मधली भिंत काढली, तुळयांना तेल पाजलं. उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. भाषणं झाली, फोटो निघाले. गावाची शान, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या.

पुढे लोक मोबाइलवरून सामान मागवू लागले. शहरातली गाडी नेमकी चौकातच थांबे. घरी कुणी नसलं की गाडीवाला त्यांची खोकी शिंपीणबाईंच्या काउंटरवर ठेवून जाई.

"ठेव बाबा," त्या म्हणत. "न्यायला येतील तेव्हा काहीतरी घेतीलच की."

लोक यायचे. तुळयांकडे बघून "काय सुंदर ठेवलंय हो घर!" म्हणायचे आणि खोकं काखोटीला मारून चालते व्हायचे. फार तर एखादी काडेपेटी.

एका दुपारी नर्सबाई आल्या. खोकं उचलताना त्याचा तळ फाटला. पीठ, साबण, चहापत्ती, सगळं जमिनीवर. मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं अगदी तेच.

"अगं, सवय लागते ना," नर्सबाई चाचरत म्हणाल्या. "बोट दाबलं की झालं."

शिंपीणबाई खाली बसल्या. एकेक पुडा पुसून त्यांनी दुकानातल्या पिशवीत भरून दिला. "सांभाळून जा," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही. दुपारी बाहेर घोळका जमला.

"असं कसं बंद करता?"

"आम्हाला विचारायचं तरी!"

मागून नर्सबाईंचा आवाज आला, "अगं, निदान खोकी तरी ठेवून घेत जा!"

शिंपीणबाईंनी आतून पडदा ओढला. नवरा फळ्यांकडे बघत उभा होता.

"एवढ्या मालाचं काय करायचं गं?"

"खायचा. आपण दोघांनी."

"घशाखाली उतरेल?"

"उतरवायचा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला.