पट्टी आणि भट्टी

बेकरीवाल्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द म्हणजे उंबराचं फूल. गल्लीने त्याचं नाव 'करपट' ठेवलं होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं. कुणी गिऱ्हाईक भाबडेपणाने म्हणालं, "आज पाव छान झालाय हो," तर तो लगेच विचारायचा, "का? काल काय वाईट होता?" गिऱ्हाईक गप्प बसून सुटे पैसे काढायचं. अशा माणसाच्या हाताखाली त्याची एकुलती एक लेक शाळा सुटल्यापासून पीठ मळत होती. आता ती पस्तिशीला टेकली होती, आणि तिची एकच इच्छा राहिली होती. बाबांनी तिचा पाव खाऊन एकदा, अगदी एकदाच, 'चांगला झालाय' म्हणावं.

मागणी काही फार मोठी नव्हती. पण बाबा तिचा पाव हातात घ्यायचे, उलटा करून टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे, तुकडा तोडून चघळायचे आणि म्हणायचे, "खाता येतो." बस्स. आई गल्ल्यावरून समजूत घालायची, "अगं, 'खाता येतो' म्हणजे त्यांच्या दरबारातली सगळ्यांत वरची पदवी. मला लग्नानंतर ती मिळायलाही बरीच वर्षं लागली." पण लेकीला ती पदवी नको होती. तिला 'चांगला' हवा होता.

मग बाबांच्या पाठीत दुखायला लागलं. महिनाभर त्यांनी पाठीलाच शिव्या घातल्या आणि शेवटी डॉक्टरकडे गेले. मणक्यात गाठ निघाली. उपचार सुरू झाले, गाठ आटोक्यात येईल असा डॉक्टरांना भरवसा होता, पण ती येईपर्यंतचं दुखणं भयंकर होतं. एरवी साऱ्या जगावर ओरडणारा माणूस कूस बदलताना तोंडात उशी धरायचा. दुकानाच्या वरच घर, त्यामुळे खाली भट्टीपाशी लेकीला ते दबलेलं कण्हणं ऐकू यायचं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या, असं तिला वाटायचं.

साध्या गोळ्या म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी झालं. तेव्हा डॉक्टरांनी अफूच्या जातीतलं जोरदार औषध सुरू केलं. आधी गोळ्या, आणि त्या अंगाला मानवल्यावर कातडीवर चिकटवायची पट्टी. अफूचं नाव ऐकताच आईचा चेहरा पडला.

"म्हणजे नशाच की ती," आई म्हणाली.

वॉर्डातल्या सिस्टर बोलक्या होत्या. "काकू, धोका असतो, नाही कशाला म्हणू? म्हणून तर आम्ही दर भेटीला खोदून खोदून विचारतो. सांगितलंय तेवढं, सांगितलंय तेव्हाच घेतलं की ते दुखण्याचं औषध. मनाने वाढवायचं नाही आणि मनाने एकदम बंदही करायचं नाही. कमी करायची वेळ आली की आम्हीच हळूहळू कमी करू."

मग त्यांनी पट्टीचं शास्त्र सांगितलं. एका वेळी एकच पट्टी, नवी लावायच्या आधी जुनी काढायची. काढलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून इथे परत आणून द्यायची, कारण तिच्यातही औषध उरतं. बाकीच्या कुलपात. शेजाऱ्याची कंबर कितीही दुखली तरी त्याला द्यायची नाही. दारू नाही, झोपेची गोळी नाही. पोट साफ व्हायचं औषध मात्र न विसरता.

"आणि शेक अजिबात नाही," सिस्टर म्हणाल्या. "गरम पाण्याची पिशवी, गरम गादी, काही नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं. फार गुंगी आली, श्वास मंद झाला, तर पट्टी काढा आणि लगेच फोन करा."

"समजलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाबा म्हणाले, आणि घरी पोचल्या पोचल्या त्यांनी गरम पाण्याची पिशवी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकली. पुढच्या वेळी सिस्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी ऐटीत सांगितलं, "शेकायची वस्तू घरात औषधालासुद्धा नाही." त्यांच्या पायाखाली, बरोब्बर एक मजला खाली, भट्टी धडधडत होती. पण भट्टीला शेक कोण म्हणतं? भट्टी म्हणजे धंदा, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

पट्टीने गुण दिला. बाबा झोपायला लागले, जेवायला लागले, आणि सूप पुचाट आहे म्हणून आईवर खेकसायला लागले. दोन आठवडे असे बरे गेले आणि एका दुपारी ते कठडा धरत धरत चक्क खाली उतरले. आपलं जुनं स्टूल ओढून भट्टीसमोर ठेवलं, आणि नेहमीच्या सवयीने भट्टीकडे पाठ करून बसले. पट्टीही पाठीवरच होती, खांद्याच्या जरा खाली. लेकीनेच सकाळी लावली होती.

"भट्टी गार आहे तुझी," त्यांनी बसल्या बसल्या फर्मावलं. "पाव भाजतेयस का वाळत घालतेयस? वाढव जरा."

लेकीने हसत आच वाढवली. बाबा खाली आले होते आणि बोलत होते, तिला आणखी काय हवं होतं?

त्या दुपारी ती भरड पिठाचा गोल पाव करत होती. तिचा स्वतःचा, बाबांनी कधीच न केलेला. ओणवून पाव बाहेर काढताना तिचा हात लागून रिकामा ट्रे खणखणत खाली पडला. तिने सवयीने मान खाली घातली आणि वाट पाहिली. पण शिव्या आल्याच नाहीत. बाबा नुसते हसले. मग त्यांनी पाव मागितला, टिचकी मारायचं विसरले, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"चांगला झालाय," बाबा म्हणाले.

"काय?"

"चांगला झालाय गं. माझ्यापेक्षा चांगला. माझ्या हातून असा कधी झालाच नाही."

लेक पिठाच्या पोत्यांमागे गेली आणि तोंडावर ॲप्रन धरून ढसाढसा रडली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आई गल्ल्यावरून म्हणाली, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

तेवढ्यात पिठवाला खांद्यावर पोतं घेऊन आला. वजनावरून त्याचं आणि बाबांचं दर खेपेला वाजायचं. तो आजही दारातूनच तयारीने म्हणाला, "वजन बरोबर आहे, आधीच सांगतो."

"असेल रे राजा," बाबा म्हणाले. "किती कष्ट करतोस. आणि मान काय सुंदर आहे रे तुझी."

पिठवाल्याच्या हातून पोतं सुटलं. आई हसून हसून गल्ल्यावर वाकली. लेकही हसली, पण तिच्या नाकात वास शिरला होता. मागच्या कप्प्यात केक करपत होते.

"बाबा, केक करपले!"

"करपू दे," बाबा संथपणे म्हणाले. "काळा रंगही छान दिसतो."

लेकीचं हसू जागच्या जागी विरलं. जग इकडचं तिकडे होईल, पण करपलेल्याला हा माणूस छान म्हणायचा नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि त्या म्हणीतल्या 'मेल्याशिवाय'वर ती एकदम दचकली. तिने बाबांची हनुवटी वर केली. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. एक श्वास घोरल्यासारखा आला, आणि पुढचा यायला फार वेळ लागला. इतक्या वर्षांनी मिळालेला शब्द अजून तिच्या कानात होता, आणि बाबांना वाचवायचं तर तो खोटा आहे हे आधी कबूल करावं लागणार होतं. तिने ते कबूल केलं. पाठीवरून हात फिरवला तर सदरा चटका बसण्याइतका तापला होता.

"आई, अँब्युलन्सला फोन कर! पट्टी तापलीय!"

तिने आणि पिठवाल्याने बाबांना स्टुलासकट उचलून रस्त्यावरच्या दारात, वाऱ्यावर आणलं. तिने सदरा वर करून पट्टी सोलून काढली, चिकट बाजू आत दुमडून बाजूला ठेवली आणि हात धुऊन आली. फोनवरच्या बाईंनी सांगितलं, गाडी निघाली आहे, खायला प्यायला काही देऊ नका, श्वासाकडे लक्ष ठेवा, बोलत राहा आणि झोपू देऊ नका.

"बाबा, डोळे उघडा!" बाबा ढिम्म. "बाबा, ऐकताय ना?" काही नाही. प्रेमाने हाक मारल्यावर ओ देण्याची त्यांना सवयच नव्हती. मग लेक त्यांच्या कानाशी ओरडली, "बाबा, तुमचा पाव रबरासारखा लागतो!"

उजवी पापणी हलली.

"कोपऱ्यावरच्या दुकानातला यापेक्षा बरा!" पिठवाल्याने जोर लावला.

"कोण... म्हणतो?" बाबा पुटपुटले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

गाडी येईपर्यंत मग तिघांनी मिळून त्या पावाची अशी काही निंदा केली की रस्त्यावरून जाणारे थांबून ऐकायला लागले. आईने तर लग्नापासूनचं सगळं बाहेर काढलं. ती बोलत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

हॉस्पिटलात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं गेलं. श्वास ताळ्यावर आला, गुंगी उतरली, आणि तिच्यामागोमाग दुखणंही परतलं. बाबांनी डोळे उघडले आणि गर्जना केली, "या खोलीला खिडकी ठेवायची अक्कल कुणाला नव्हती का?" आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नवऱ्याच्या खेकसण्याने एखाद्या बाईला इतका आनंद झालेला त्या वॉर्डाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

सिस्टर धावत आल्या. "काका, दुकान आहे म्हणाला होतात. कसलं दुकान?"

"पावाचं."

"आणि बसला कुठे होतात?"

"भट्टीपाशी. पाठ करून."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "चूक माझीही आहे. पिशवीचं विचारलं, भट्टीचं कुठे विचारलं मी!"

"मला नकोच ती पट्टी," आई म्हणाली. "विषाची परीक्षा कशाला पाहायची?"

"काकू, चोर सोडून संन्याशाला फाशी नको," सिस्टर म्हणाल्या. "पट्टीने नाही, भट्टीने घात केला. काकांवर आता नीट लक्ष ठेवू, डॉक्टर मात्रा पुन्हा ठरवतील. पण भट्टीजवळ जायचं नाही. पट्टी आहे तोवर नाहीच."

"मग राहू दे पट्टी," बाबा म्हणाले. "दुखलं तर सोशीन. भट्टी सोडणार नाही." आणि ते दाखवायला त्यांनी उठायचा प्रयत्न केला. अर्धे उठले, पांढरेफटक पडले आणि हळूच पुन्हा टेकले. मग त्यांनी लेकीकडे न बघता विचारलं, "पाव भट्टीत सरकवायची लांब फळी कुठेय?"

"आहे जागेवर."

"तिचा दांडा सैल झालाय. ठोकून घे. यापुढे तुलाच वापरायचीय."

भट्टीपाशी बसायचा हक्क त्यांनी असा सोडला. लेकीने नुसती मान हलवली.

काही दिवसांनी बाबा नव्या पट्टीसह दुकानाच्या दारात, पंख्याखाली, खुर्ची टाकून बसू लागले. भट्टी आत, लांब. तिथून ते गिऱ्हाइकांना तोंडाने भाजायचे. दुखणं ताब्यात होतं आणि स्वभाव पूर्णपणे ठणठणीत होता. लेक आत राबत होती. त्या दुपारचा शब्द तिने मनातून पुसून टाकला होता. औषधाचं बोलणं ते, त्याला धरून काय बसायचं? पिठवाला मात्र धरून बसला होता. तो हल्ली केस बारीक कापून आणि गळ्याचं बटण उघडं टाकून पोती आणायचा, आणि उगाच बाबांसमोर जरा वेळ पाठमोरा उभा राहायचा.

"हा असा का उभा राहतो?" तो गेल्यावर बाबांनी विचारलं.

लेकीने पिठातले हात न काढता सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही त्याची मान सुंदर आहे म्हणालात."

"मी?"

"आणि करपलेले केक छान दिसतात म्हणालात."

"आणखी काय म्हणालो?"

"आणखी काही नाही."

बाबांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली. "मान काही सुंदर नाही त्याची," ते म्हणाले. "बैलासारखी आहे. आणि करपलेलं ते करपलेलंच."

"हो ना. औषध बोलत होतं, बाबा."

बाबा उत्तर देणार, तोच एक नवीन बाई दारात आल्या. "इथल्या मालकांच्या हातचा पाव प्रसिद्ध आहे म्हणे. आहे का?"

"नाही," बाबा खेकसले. "लेकीच्या हातचा आहे. माझ्यापेक्षा चांगला करते ती. आणि हे मी शुद्धीवर सांगतोय. घ्यायचा तर घ्या, नाहीतर वारा अडवू नका."

बाईंनी घाबरून दोन पाव घेतले. आत लेकीने त्या घाण्यात मीठ दोनदा घातलं, आणि त्याबद्दल संध्याकाळी तिला बाबांकडून पोटभर ऐकून घ्यावं लागलं.