उलटी टांगलेली तसबीर

मी एक जुनी तसबीर हाय, मित्रांनो, आन् सगळ्या झरी गावात माझ्याइतकं खरं तोंड कुणाचंच न्हाई. मागच्या मंगळवारपर्यंत तरी माझा तसाच समज होता.

मला अपेक्षानं काढलं, आरशात स्वतःकडं बघून. तिचे वडील चंद्रभान इथले मेंढरंवाले. आई निजामाबादकडची यादम्मा. लग्नात इकडच्यांनी तिची भिवराबाई केली, पण नाक काही बदलता आलं न्हाई. म्हणून माझं कपाळ बापाचं, नाक आईचं. खांद्यावर घोंगडी, अंगावर पोचमपल्लीची साडी. रंग वाळला तवा अपेक्षा मला म्हणली, "आता कुणी 'तू कुणाची' इचारलं, तर तुझ्याकडं बोट करीन."

वर्षभर मी त्या बोटाची वाट बघितली.

मग तिला बघायला जिंतूरचे पाहुणे यायचे ठरले. आत्या कमलबाई म्हणली, "ती तसबीर झाका बाई. पोरगी तिकडची वाटायली."

"अर्धी तिकडचीच हाय की," भिवराबाई म्हणली.

"अर्धी लग्नानंतर सांगू."

मला वाटलं, आता अपेक्षा बोट करील. तेवढ्यात दारात जीप थांबली. तिनं घाईघाईनं दोऱ्या सोडल्या आन् स्वतःच्या हातानं मला भिंतीकडं तोंड करून टांगलं. खाली उतरवलं असतं तर मागच्या भिंतीचे पोपडे दिसले असते. ते पोपडे माझ्या नाकाला टोचले. लय लागलं.

ज्या नाकापायी मी उलटी झाले, तेच नाक घेऊन भिवराबाई पाहुण्यांपुढं पोहे घेऊन गेली. त्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई. सगळे माझ्या पाठीकडं बघायले. आधी मी कडबा झाकायला बाजारातून आणलेला जुना फ्लेक्स होते; त्याच्या कोऱ्या बाजूवर अपेक्षानं मला रंगवलं. पाठीवर हार घातलेला फोटो, खाली छापलेलं: 'कै. बन्सीधर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

मुलाची आई पार्वतीबाई. तिनं पोह्याची बशी खाली ठेवली. "घरात सुतक, आन् आमाला बोलवलंत?"

"आवं, ते आमचे कुणी न्हाईत," कमलबाई म्हणली.

"गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाई, बाई."

पाहुणे पाणीबी न पिता उठले. अपेक्षानं मला सरळ केलं, पण नजर दिली न्हाई. मीबी न्हाई दिली.

मित्रांनो, तसबिरीवर धूळ बसली तर फडक्यानं पुसता येते. पण पाहुणे आले म्हणून आपलंच तोंड भिंतीला लावू नका. ते नंतर सरळ केलं तरी पहिल्यासारखं बघत न्हाई.

पाहुण्यांनी जाता जाता गल्लीत सुतकाचं सांगितलं. सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाई, म्हणून संध्याकाळी शेजारच्या मुंजाजीच्या घरून पिठलं-भाकरी आली. चंद्रभाननं दोन भाकरी खाल्ल्या आन् बन्सीधर कोण होता ते इचारलं. कुणालाच माहीत न्हवतं.